घाटात गाडीच्या सिस्टीमचा बेस जायचा, परत यायचा, आता कायमचा गेला. वूफर (बेसचा स्पीकर) जळाला हे नक्की कसं ओळखायचं?

कुंभार्ली_वळण (चिपळूण) · १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, कारण दुकानदाराने दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला आणि तो मला पटलेला नाही.

गाडी हॅचबॅक. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आमची जुनी गाडी वाशिष्ठीच्या पाण्यात गेली, त्यानंतर ही घेतली. चौदा महिन्यांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून सिस्टीम बसवली. स्टिरिओ कंपनीचाच आहे, त्याच्या मागच्या स्पीकर वायरवरून कन्व्हर्टर लावून सिग्नल घेतलाय. ॲम्प (ॲम्प्लिफायर) मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा, २ ओहमला ५०० वॅट आरएमएस (सलग देऊ शकतो ती पॉवर). वूफर १२ इंची, दोन कॉइलचा (चुंबकात हलणारी तारेची वेटोळी, प्रत्येकी ४ ओहम), दोन्ही पॅरलल. बॉक्स एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), पोर्टवाला (हवा जाण्यायेण्याचं भोक असलेला), डिकीत. डॅशबोर्डखाली बेस कमी-जास्त करायचा नॉब आहे.

दर आठवड्याला चिपळूण-कऱ्हाड जातो. साधारण दोन महिन्यांपूर्वी घाटात बेस मधेच अर्ध्यावर यायला लागला. पूर्ण जायचा नाही, हलका पडायचा, खड्ड्यात गाडी आदळली की परत यायचा. गेल्या रविवारी डिकीतून जळका वास आला, तारेवरचं व्हार्निश जळतं तसा. त्यानंतर पाटणजवळ आवाज पूर्ण बंद. ॲम्पचा निळा दिवा चालू आहे, लाल दिवा नाही. बॅटरीजवळचा फ्यूज शाबूत आहे.

दुकानदार म्हणाला, वूफर गेला, नवीन ९,००० ला मिळेल. ब्रँडची नावं लिहीत नाही, दोष कुणाचा हेच अजून माहीत नाही. पैसे घालायला तयार आहे, पण नवा वूफरही चौदा महिन्यांनी असाच जाणार असेल तर काय उपयोग?

एक वैयक्तिक गोष्ट सांगतो. ही सिस्टीम धडधडाटासाठी नाही. वडील पखवाज वाजवतात. त्यांच्या देवळातल्या भजनाची रेकॉर्डिंग मी गाडीत ऐकतो. साध्या दारातल्या स्पीकरवर उजव्या पुडीची (चामड्याच्या तोंडाची) बोटं ऐकू येतात, डाव्या पुडीचा घुमारा येतच नाही. त्या घुमाऱ्यासाठी हा सगळा खर्च केला होता.

नवीन_स्टेअरिंग · १२ जून, रात्री १०:०५

माझ्याकडे पण असंच झालं होतं. ॲम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) थोडा वाढवून बघा, कधी कधी सिग्नल कमी पडतो. बेस बूस्ट पण फुल करा.

जुना_फिटर (सांगली) · १२ जून, रात्री १०:३०

गेनला हात लावू नका. जळका वास आलेल्या कॉइलमध्ये आणखी करंट ढकलायचा नसतो. कॉइल अर्धवट जळून आतल्या आत शॉर्ट झाली असेल तर पुढचा नंबर ॲम्पचा.

दादा, मी बावीस वर्षं हेच काम करतोय. आधी मीटर घ्या, तीन-चारशे रुपयांचा डिजिटल चालेल. ॲम्प बंद करा आणि ॲम्पच्या टोकाकडून वूफरच्या दोन्ही वायरी काढा. जोडलेल्या ठेवून मोजलं तर वूफरसोबत ॲम्पचंही काहीतरी मोजलं जातं. ओहमची सगळ्यात लहान रेंज लावा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, ०.२ किंवा ०.३ दाखवेल. तो पिनांचा स्वतःचा रोध, नंतर वजा करायचा. २ ओहमच्या मोजणीत ०.३ म्हणजे मोठा फरक आहे.

मग वूफरच्या दोन वायरींवर पिना लावा आणि आकडा लिहा. लक्षात ठेवा, ४ ओहमची कॉइल मीटरवर ४ दाखवत नाही, ३.२ ते ३.८ च्या मध्ये कुठेतरी दाखवते. दोन पॅरलल असतील तर त्याच्या निम्मं. तुमचा आकडा १.८ च्या आसपास यायला हवा.

कुंभार्ली_वळण · १३ जून, सकाळी ७:५०

काका, मोजलं. पिना टेकवून ०.२. वूफरच्या वायरींवर ३.८, म्हणजे खरे ३.६. पण आकडा स्थिर नाही. मधेच 'ओएल' येतं (म्हणजे सर्किट तुटलेलं), परत ३.६.

आवाजवेडी (पुणे) · १३ जून, सकाळी ९:१५

तुमचा पहिला आकडाच बरंच सांगतोय. १.८ च्या जागी ३.६ म्हणजे दोनपैकी एक कॉइल सर्किटमध्येच नाही. आणि जी आहे तिचाही संपर्क तुटतोय.

आता वूफर बॉक्समधून काढा आणि दोन्ही कॉइलमधले जोड सोडून प्रत्येक कॉइल वेगळी मोजा. मोजताना दुसऱ्या माणसाला दोन्ही हातांचे पंजे कोनवर (वूफरच्या पुढच्या पडद्यावर) समोरासमोर ठेवून तो हळूच, सरळ आत दाबायला सांगा. एका बाजूने दाबू नका, निरोगी कॉइलसुद्धा चुंबकाला घासेल आणि उगाच चुकीचा निष्कर्ष निघेल. दाबताना दोन गोष्टी बघायच्या: आकडा हलतो का, आणि खरखर ऐकू येते का.

टर्मिनलपासून कोनपर्यंत वेणीसारखी विणलेली मऊ तार जाते ना, तिच्याकडेही टॉर्च मारून बघा. रिपेअरवाले तिला लीड वायर म्हणतात. कोनच्या प्रत्येक हालचालीसोबत ती वाकते. ४० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला चाळीस वेळा. वूफरमध्ये सगळ्यात जास्त राबणारी वस्तू तीच.

कुंभार्ली_वळण · १३ जून, रात्री ८:२०

वडिलांना कोन दाबायला सांगितला. पुडीवर हात ठेवायची सवय, त्यामुळे दाब अगदी सारखा पडला.

पहिली कॉइल: ओएल. दाबा, सोडा, काही करा, ओएलच.
दुसरी कॉइल: ३.६. कोन सेंटीमीटरभर आत गेला की ओएल, सोडला की परत ३.६.

आत जाताना बारीक खरखर आहे, काचपेपर घासल्यासारखी. दुसऱ्या कॉइलची एक लीड वायर कोनपाशी जवळजवळ तुटली आहे, दोन-चार केसांवर लटकतेय. पहिल्या कॉइलच्या लीड वायरी दिसायला ठीक आहेत. म्हणजे दुकानदार बरोबर होता?

जुना_फिटर · १३ जून, रात्री ९:००

वूफर गेला हे बरोबर, का गेला हे त्याने बघितलंच नाही. तुमच्या वूफरमध्ये दोन वेगळे बिघाड आहेत. पहिली कॉइल उष्णतेने जळाली. दुसरीची कॉइल शाबूत आहे, तिची तार यांत्रिक ताणाने तुटली.

एक विचारतो. बेस हलका पडायचा तेव्हा तुम्ही काय करायचात?

कुंभार्ली_वळण · १३ जून, रात्री ९:१०

डॅशबोर्डखालचा नॉब वाढवायचो.

आवाजवेडी · १३ जून, रात्री १०:४५

मग क्रम जुळतो. माझ्या मते असं झालं.

आधी दुसऱ्या कॉइलची लीड वायर झिजली. घाटात धक्क्यांनी कधी संपर्क तुटायचा, कधी परत जुळायचा, आणि तुटला की एकटी पहिली कॉइल काम करायची. म्हणून बेस पूर्ण जात नव्हता, अर्धा व्हायचा. तुम्ही नॉब वाढवलात, जे कुणीही केलं असतं. त्या वाढलेल्या आवाजाचा सगळा भार एका कॉइलवर आला. शिवाय ॲम्प बहुतेक क्लिप होत होता. क्लिपिंग म्हणजे ॲम्पकडे जेवढा व्होल्टेज आहे त्याच्या पलीकडे तुम्ही मागता, तेव्हा तो लाटेचे माथे कापून सपाट करतो. गोल लाट आणि पूर्ण चौकोनी झालेली लाट यांची उंची सारखीच ठेवली तरी चौकोनी लाट दुप्पट पॉवर वाहते. तीही सलग, कॉइलला निवायला सवड न देता.

कॉइल थंड ठेवायला दोनच गोष्टी असतात: आजूबाजूचं लोखंड आणि कोनच्या हालचालीने खेळणारी हवा. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. १०० अंशांनी तापलं तर ३.६ ची कॉइल ५ ओहमची होते, बेस आणखी कमी वाटतो आणि माणूस नॉब आणखी फिरवतो. शेवटी डिंक वितळतो, वेटोळी सुटतात, घासतात. तुमची खरखर तीच. पाटणजवळ पहिली कॉइल तुटली आणि दुसरीची तार कोन हलला की सुटत होतीच, म्हणून शांतता.

प्रश्न दोन उरले: लीड वायर एवढ्या लवकर का झिजली, आणि ॲम्प क्लिप का होत होता. ॲम्पवरची बटणं कुठे आहेत ते बघून लिहा: गेन, बेस बूस्ट, लो-पास (वरचे सूर अडवणारा), सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारा).

कुंभार्ली_वळण · १४ जून, सकाळी ७:३०

गेन पाऊण. बेस बूस्ट पूर्ण, त्यावर १२ डीबी (डेसिबल) लिहिलंय. लो-पास १०० हर्ट्झच्या आसपास. सबसॉनिक बंद. दुकानात बसवल्यापासून मी हात लावलेला नाही.

आवाजवेडी · १४ जून, सकाळी ८:१०

१२ डीबी म्हणजे त्या पट्ट्यात जवळजवळ सोळापट पॉवरची मागणी. ५०० वॅटच्या ॲम्पकडे ती येणार कुठून? क्लिपिंगचं एक कारण मिळालं.

आणि पोर्टवाल्या बॉक्सला सबसॉनिक बंद ठेवणं मला अजिबात पटत नाही. बॉक्स ज्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला (ट्यून केलेला) असतो तिथे पोर्टमधली हवा काम करते आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो. त्याच्या खाली गेलात की बॉक्समधल्या हवेचा आधार सुटतो. कोन लटका होऊन मोठमोठे झोके घेतो आणि कानाला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. लीड वायर बहुधा त्याच झोक्यांनी तोडली.

लाल_माती (सावंतवाडी) · १४ जून, सकाळी ११:००

मधेच विचारतो, बॉक्सचा तळ बघितलात का? आमच्याकडे पावसाळ्यात एमडीएफ खालून फुगतो, सांधे उकलतात आणि हवा गळते. मी शेवटी मरीन प्लायचा बॉक्स करून घेतला. माझ्या आधीच्या वूफरची फोमची कडा पण दमट हवेत तीन वर्षांत हाताला पिठासारखी लागायला लागली होती. रबरी कडेचा घ्या.

कुंभार्ली_वळण · १४ जून, दुपारी १:३०

कडा रबरी आहे. तळ आज बघतो.

जुना_फिटर · १४ जून, रात्री ९:३०

ताईंनी ॲम्पची बाजू सांगितली, मी वायरिंगची सांगतो. मी बघितलेल्या जळालेल्या वूफरपैकी बऱ्याच गाड्यांत ॲम्पला व्होल्टेजच पुरत नव्हतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ आणि ॲम्पवर ११, असं असलं की ॲम्प वेळेआधीच क्लिप होतो.

वूफर नसताना मोजायचं कसं? हेडलाइटचा १००/९० वॅटचा जुना बल्ब घ्या. दोन्ही फिलामेंट एकत्र करून ॲम्पच्या पॉवर टर्मिनलला थेट जोडा, प्लस आणि अर्थ. साधारण १५ अँपिअर खेचेल. बल्ब भाजतो, सीटच्या कापडापासून लांब ठेवा, मिनिटभरातच मोजणी उरका. इंजिन चालू ठेवा. लांब वायर लावून तीन मोजण्या करा: बॅटरीचा प्लस ते ॲम्पचा प्लस, बॅटरीचा मायनस ते ॲम्पचा अर्थ, आणि बॅटरीवरचं एकूण व्होल्टेज.

तुमची वायर खरी ४ गेज तांब्याची, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर, आणि पाच मीटर लांब असेल तर प्लसवर १५ अँपिअरला ०.०६ व्होल्टच्या आसपास पडायला हवं.

कुंभार्ली_वळण · १५ जून, सायंकाळी ६:४०

बॅटरीवर १४.१.
प्लस ते प्लस: ०.३.
मायनस ते अर्थ: ०.५.
ॲम्पवर १३.३ शिल्लक. हे ठीक वाटतंय ना?

जुना_फिटर · १५ जून, सायंकाळी ७:०५

नाही दादा, बल्ब फक्त १५ अँपिअर खेचतोय. ५०० वॅट वाजवताना तुमचा ॲम्प ५० च्या घरात खेचेल. तेव्हा हीच गळती सव्वातीनपट: प्लसवर १, अर्थवर सुमारे १.७. ॲम्पला उरले साडेअकराच्याही आत. आणि अर्थच्या एका जोडावर ८० वॅटच्या वर उष्णता. तो बोल्ट उघडा, कसा आहे ते फोटोसारखं वर्णन करा. प्लसची वायरही टोकाला सोलून ब्लेडने एक तार खरवडा. वरून तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. उलट, वरून पांढरी आणि आत तांबूस असेल तर ती कथील लावलेली खरी तांब्याची वायर, ती उत्तम. पुष्कळ जण इथे गडबडतात.

कुंभार्ली_वळण · १५ जून, रात्री १०:२०

मागच्या सीटच्या बोल्टखाली अर्थ आहे. लगखाली (वायरच्या टोकाची धातूची कडी) रंग तसाच आहे, खरवडलेलाच नाही, वर तांबडा गंज. लग काळी पडली आहे. प्लसची वायर बाहेरून माझ्या करंगळीएवढी, पण सोलल्यावर आतला गाभा पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडाच जाड. खरवडली, आत पांढरी.

बॉक्सचा तळ एका कोपऱ्यात किंचित फुगलाय, सांधा शाबूत आहे.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पैसे पूर्ण दिले होते.

आवाजवेडी · १६ जून, सकाळी ८:००

वाईट वाटणारच. पण आता कारणं तुमच्या हातात आहेत आणि सगळी दुरुस्त होणारी आहेत.

वायरसाठी वेल्डिंग केबल बघा, २५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची. ॲल्युमिनियमची पण मिळते, म्हणून तोडून घ्यायच्या आधी टोक खरवडा. पुण्यात मी तपकीर गल्लीतून आणते, कऱ्हाडात वेल्डिंगचं सामान मिळतं तिथे विचारा. बॅटरीपासून वीतभर-दीड वीतभर अंतरात फ्यूज हवाच. वायर कुठे घासून बॉडीला लागली तर आग लागू शकते, आणि फ्यूजच्या आधीचा तुकडा कुणीच सांभाळत नाही. बोनेटमधून आत येते तिथे रबरी ग्रोमेट घाला.

अर्थसाठी सीटबेल्टचा बोल्ट कधीच वापरू नका. सुरक्षेच्या बोल्टचा वेगळा हिशेब असतो. जवळची पत्र्याची जाड जागा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून लग घट्ट बसवा, मग वरून रंग मारा. रंग आधी नाही, नंतर.

वूफरचं म्हणाल तर नवीन घेण्याआधी रिकोनची (जुन्याच सांगाड्यात नवीन कोन-कॉइल बसवण्याची) चौकशी करा. चुंबक आणि बास्केट (सांगाडा) शाबूत आहे. कॉइल, कोन, स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी कापडी चकती), कडा असा संच त्याच मॉडेलचा मिळत असेल तरच करा. कुठलाही १२ इंची कोन बसवला तर आवाज येईल, पण बॉक्सशी जुळणार नाही. तुम्हाला हे पटकन कळेल: डाव्या पुडीवर कणीक कमी-जास्त लावली की सूर बदलतो ना? कोनचंही तसंच. वजन वाढलं की तो खालच्या सुरात डोलतो, आणि बॉक्सचं माप जुन्या वजनाला धरून काढलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी वूफर आणि बॉक्सचं हे गणित बसवून दिलं, आजही सगळे बॉक्स त्यावरच काढतात.

कुंभार्ली_वळण · २९ जून, रात्री ९:००

कणकेचं उदाहरण वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, या बाईंना वाद्य कळतं.

कोल्हापुरात मोठ्या स्पीकरचं रिकोन करणारे एक कारागीर मिळाले, मूळ संच त्यांनी मागवून दिला. ३,२०० लागले. वायर आणि अर्थ मी स्वतः केला. बल्ब लावून परत मोजलं: प्लसवर ०.०५, अर्थवर ०.०२. बॉक्सच्या फुगलेल्या कोपऱ्याला आतून गोंद भरून बाहेरून दोन हात वॉटरप्रूफ रंग दिला.

पण आज वूफर बसवला आणि बेस नाही! मीटरवर १.८ बरोबर येतंय, ॲम्प चालू आहे, कोन जेमतेम थरथरतो. डोकं धरून बसलोय.

आवाजवेडी · २९ जून, रात्री ९:०४

लगेच बंद करा. एक कॉइल उलटी जोडली गेली असावी. एक कोनला बाहेर ढकलतेय, दुसरी आत ओढतेय, आणि सगळी पॉवर उष्णतेत जातेय. ओहम मोजून हे कधीच कळत नाही, मीटरला दिशा कळत नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या. जोड सोडा. एकेका कॉइलला सेलचा प्लस तिच्या प्लसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर यायला हवा, दोन्ही वेळा.

कुंभार्ली_वळण · २९ जून, रात्री ९:३०

पहिली बाहेर. दुसरी आत! रिकोनमध्ये टर्मिनलवर तारा उलट्या डागल्या गेल्यात. प्लस-मायनस बदलून जोडलं, बेस आला. कारागिरांना फोन केला, ते म्हणाले घेऊन या, डाग काढून सरळ देतो. खुणा करून ठेवल्यात, त्यामुळे घाई नाही.

जुना_फिटर · ३० जून, सकाळी ७:४५

आता वाजवायच्या आधी गेन लावा, कानाने नको. वूफर काढून ठेवा. बेस बूस्ट शून्य, डॅशबोर्डचा नॉब पूर्ण वर. नॉब वर ठेवूनच गेन लावायचा, म्हणजे नंतर तो कुणी कितीही फिरवला तरी मर्यादा ओलांडत नाही. स्टिरिओचा आवाज पाऊणवर, ४० हर्ट्झचा टोन (एकाच सुराचा सलग आवाज) लावा. मीटर एसी व्होल्टवर, ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला. ५०० वॅट गुणिले २ ओहम म्हणजे १,०००, त्याचं वर्गमूळ ३१.६. तेवढ्याला पोचू नका, २८ ला थांबा. ते ३९२ वॅट झाले. कानाला फरक कळणार नाही, कॉइलला कळेल. मीटर ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठीच बनलेला असतो, म्हणून ४० ला बरोबर दाखवतो.

आवाजवेडी · ३० जून, सकाळी ८:३०

आणि सबसॉनिक. वूफर जोडल्यावर अगदी हळू आवाजात ५० पासून एकेक हर्ट्झ खाली या. जिथे कोन सगळ्यात कमी हलतो आणि पोर्टमधून हवा सगळ्यात जोरात येते, तिथे तुमचा बॉक्स बांधलाय. सबसॉनिक त्याच्या थोडं खाली लावा.

कुंभार्ली_वळण · १ जुलै, रात्री ११:१०

३७ ला कोन थांबला. सबसॉनिक ३० वर, लो-पास ८० वर, गेन २८ व्होल्टवर.

आज वडिलांना घेऊन कुंभार्लीतून गेलो. पाऊस होता, काचा बंद. त्यांचंच रेकॉर्डिंग लावलं. सातव्या-आठव्या वळणावर ते म्हणाले, "माझी डावी पुडी त्या दिवशी ढिली होती, कणीक वाळली होती." त्यांना पहिल्यांदाच स्वतःचा घुमारा इतका स्पष्ट ऐकू आला. मी गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबलो.

काका, ताई, तुमचे आभार कसे मानू?

लाल_माती · २ जुलै, सकाळी ९:२०

वा! वॉटरप्रूफ रंग कुठला घेतलात तेवढं सांगा. आणि पावसाळ्याच्या मध्यावर तळ परत बघा.

कुंभार्ली_वळण · ३ ऑगस्ट, रात्री ८:५०

लाल_माती, पाण्याच्या टाकीला लावतात तो साधा सिमेंटी नव्हे, लाकडाचा पीयू (पॉलियुरेथेन) घेतला, दोन हात, मध्ये एक दिवस सोडून.

महिनाभर घाट झाला, आज सगळं उघडून बघितलं. तळ कोरडा. अर्थचा बोल्ट जोरात वाजवून झाल्यावरही हाताला गार. पिना टेकवून ०.२ वजा केले, वूफर १.८. वडिलांनी कोन दाबला, तरी १.८.